चार बोटं आत

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

बाबांची रायफल आज सकाळी मंडळाच्या माणसाबरोबर रवाना केली. परवान्याचे कागद, पेटीची किल्ली आणि माझा अर्धा जीव, तिन्ही त्याच्या हवाली केली आहेत. पेटी तो उचलत होता आणि "हळू, हळू" असं मी म्हणत होते. ह्यांना हसू आवरेना.

चिटणीसांचं पत्र तुलाही आलं असेल. नेमबाजी मंडळात हत्यारं साफ करायची जी खोली आहे, तिला बाबांचं नाव द्यायचं घाटतंय. रायफल तिथेच काचेच्या कपाटात राहील आणि उद्घाटनाला माझी लेक तिच्यातून पाच गोळ्या झाडेल. मंडळाचा बंदूकदुरुस्तीवाला तू, म्हणून तपासणीचा दाखला तुझ्याच सहीचा लागणार. मामाच्या रायफलला भाच्याचा दाखला. बाबा असते तर म्हणाले असते, "नात्यात दाखले देऊ नका, आधी नळी बघा."

सभागृहाला नाव दिलं असतं तरी मला एवढा आनंद झाला नसता. बाबांची पदकं आता कोणाच्या लक्षात नाहीत, पण "मास्तरांसारखी साफ" असं मंडळात अजून म्हणतात म्हणे. शेवटची तीन वर्षं ते माझ्याकडे होते आणि ते गेल्यालाही आता पाच वर्षं झाली. तेव्हापासून रायफल मीच सांभाळते आहे. नळीत डोकावून बघ, आरसा आहे.

छापखान्यात सध्या शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते आहे. दिवसभर काना आणि मात्रा. डोळे गेले तर तुझ्याकडेच पाठवीन, दुरुस्तीला.

तुझी
ठकी


१५ फेब्रुवारी

प्रिय ठकी,

पेटी पोचली. दस्त्याचं लाकूड बघून खूश झालो. मामांच्या गालाचा डाग तसाच आहे, तू तो घासून काढला नाहीस हे फार बरं केलंस.

आता नळीचं. मागून पांढरं कापड धरून पुढून उजेडात पाहिलं. मागच्या टोकापासून बहुतेक सगळी लांबी खरोखर आरसा आहे. आतले पीळ कालच पाडल्यासारखे धारदार. पण तोंडापासून चार बोटं आत गेलं की एक काळी कडी दिसते. आधी वाटलं तेल साचलं असेल. पितळी ब्रश फिरवला, तेल गेलं, कडी राहिली. गंजाने पडलेले खड्डे आहेत, गोल, चहूबाजूंनी, साधारण बोटभर रुंदीच्या पट्ट्यात. माझ्या नखाएवढ्या जागेत सात मोजले. बाहेर पडता पडता गोळी तिथे अडखळणार. मग नेम कितीही चांगला असो, काय उपयोग?

गंज ताजा आहे. चार-पाच वर्षांपलीकडचा नाही, हे मी डोळे मिटून सांगेन. मामांच्या हातातून ही अशी येणं शक्यच नाही, म्हणून कोड्यात पडलो आहे. तुझ्याकडे कशी ठेवली होती ते सविस्तर कळव. उभी की आडवी? पिशवी कसली? तोंडाला काही लावलं होतं का? कारण कळल्याशिवाय मी नळीला हात लावणार नाही.

लेकीला सांग, सराव चालू ठेव. रायफल दुसरी मिळेल, खांदा मिळत नाही.

तुझा
दादा


२२ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. खड्डे? आणि तेही माझ्याकडे असताना पडलेले?

तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर असल्या गोष्टींची मी टिमकी वाजवत नाही. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या एका जुन्या सुती सदऱ्याचं कापड फाडलं, तेलात भिजवलं आणि नळीच्या तोंडातून आत सारून घट्ट बोळा बसवला. धूळ नको, हवा नको. ते दर रविवारी कापड घालायचे ते मी लहानपणापासून बघितलेलं आहे. त्यावर कापडी पिशवी, मग कपाट, मग कुलूप. रायफल उभी, कोपऱ्यात, भिंतीला न टेकवता. पाच वर्षांत तो बोळा मी एकदाही हलू दिला नाही. पाठवायच्या आदल्या दिवशी क्रोशाच्या सुईने अलगद काढला, तेव्हा अर्धा तास लागला, इतका पक्का बसला होता. माझ्या घरात माणसांना एवढं जपलेलं नाही. ह्यांना विचार.

तेव्हा कोडं तुझं तू सोडव. माझ्याकडे काही चुकलेलं नाही.

ठकी


६ मार्च

प्रिय ठकी,

उत्तराला उशीर झाला. कामाचा रगाडा होता.

मागच्या पत्रात मी घाईने लिहिलं. पुन्हा नीट पाहिलं. गंज जुना आहे, तीसेक वर्षांपूर्वीचा असावा. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत जो मसाला असायचा त्याचं मीठ नळीत राहायचं. त्याच दिवशी गरम पाण्याने धुतलं नाही तर नळी खायचं. मामांच्या हातून कधीतरी एखाद्या वेळी राहून गेलं असेल. माणूस आहे, होतं. दाखल्यावर मी "पूर्वीच्या काळचा जुना गंज" असं लिहून समितीकडे दिलं आहे.

उपायांचं म्हणशील तर, हलके खड्डे असते तर नळीत शिसं ओतून तिच्याच मापाचा गोळा केला असता, त्याला बारीक पूड लावून घासून काढले असते. हे खोल आहेत, घासून जाणार नाहीत. दुसरा उपाय, नळी आतून पोखरून तिच्यात नवी पोलादी नळी बसवायची. पण मग मामांची नळी भुसा होऊन बाहेर येईल. तिसरा, तोंडाकडची चार-पाच बोटं कापून टाकायची.

माझं मत विचारशील तर काहीच करू नये, गोळी झाडू नये, आणि कपाटातही ठेवू नये. उगाच कोणी डोकावेल आणि चार प्रश्न विचारेल. माझ्याकडेच राहू दे. मी बघेन तिच्याकडे.

तुझा
दादा


१२ मार्च

दादा,

माझं काम काय आहे ते तू विसरलास. एक कागद डावीकडे, एक उजवीकडे, आणि जिथे फरक तिथे खूण. आज तुझी दोन पत्रं तशीच समोर ठेवली आहेत.

डावीकडे: "ताजा आहे, चार-पाच वर्षांपलीकडचा नाही, डोळे मिटून सांगेन." उजवीकडे: "जुना आहे, तीसेक वर्षांपूर्वीचा." डावीकडे: "मामांच्या हातातून अशी येणं शक्यच नाही." उजवीकडे: "राहून गेलं असेल, माणूस आहे, होतं." मधल्या तीन आठवड्यांत गंज पंचवीस वर्षांनी म्हातारा झाला. डोळे मिटले होतेस ते कधी उघडलेस?

आणि सगळं वाचून झाल्यावर शेवटी काय, तर "माझ्याकडेच राहू दे."

मी लहान होते तरी मला चांगलं आठवतंय. तू एकदा बाबांकडे ही रायफल मागितली होतीस. "अजून तुझा हात बसायचाय," असं ते म्हणाले होते आणि तू ताट तसंच सोडून उठलास, मग दोन वर्षं आमच्या घराची पायरी चढला नाहीस. हे म्हणतात, संशयाने बघायची सवय मला छापखान्याने लावली. असेलही. पण कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की.

बाबा सणकून ताप असताना अंथरुणातून उठून नळी धुवायचे. त्यांच्या हातून "राहून गेलं" असं तू लिहिलंस, तेही समितीला. मामाच्या हाताखाली सहा वर्षं काढलेल्या माणसाने.

लाकूड उतरवल्यावर नळीच्या पोटाला जो आकडा दिसतो तो उलट टपालाने कळव. परवान्यावरचा आकडा मी कागद देण्याआधी उतरवून ठेवला आहे. ती नळी बाबांचीच आहे का, ते मला आधी बघायचं आहे.

ठकी


२० मार्च

ठकी,

आकडा: ४७१९३. तुझ्याकडच्या आकड्याशी ताडून बघ.

नळी बदलली असा तुझा अर्थ असेल तर त्यावर मी काय बोलणार? तीस वर्षं हे काम करतोय, लोक माझ्या दुकानात हत्यार टाकून परगावी जातात, पावती मागत नाहीत. तू पहिलीच.

दाखल्यावर मी जे लिहिलं त्यात बदल करणार नाही. खोदून विचारू नकोस. काही गोष्टी आहेत तशा राहिलेल्या बऱ्या असतात.

दादा


२ एप्रिल

दादा,

आकडा जुळला. त्यावर हे म्हणाले, "ज्याच्या दुकानात ठोकायचे आकडे आहेत त्याला आकडा ठोकायला किती वेळ लागतो?" मी त्यांना गप्प केलं, पण मला स्वतःला गप्प करता आलं नाही.

काल चिटणीसांचं पत्र आलं. खाली उतरवून देते: "मास्तरांच्या स्वतःच्याच हत्याराची अवस्था दाखल्यात नमूद आहे तशी असल्यास, साफसफाईच्या खोलीला त्यांचं नाव देणं शोभेल का, असा प्रश्न काही सभासदांनी उपस्थित केला आहे. निर्णय पुढील बैठकीपर्यंत स्थगित." एक सभासद तर हसला म्हणे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नळ्या तपासल्या, स्वतःची बघायला सवड झाली नाही, असं काहीतरी बोलला. हे चिटणीसांनी लिहिलं नाही, लेकीला तिच्या सरावाच्या वेळी कानावर आलं. ती घरी येऊन रडली. मी रडले नाही. मी तुला पत्र लिहायला बसले.

तुझ्या एका ओळीने बाबांचं नाव गेलं. तीच ओळ, जिच्यात तू बदल करणार नाहीस.

शस्त्रागारात पूर्वी असलेले जमादारकाका, आता निवृत्त आहेत, त्यांना मी पत्र घातलं आहे. बाबा त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडले, म्हणजे ते बाबांची भीड धरणार नाहीत आणि तुझीही नाही. रायफल आठवड्याच्या आत त्यांच्याकडे पोचती कर. नळी बदलल्याचं किंवा मुद्दाम खराब केल्याचं निघालं तर परवाना देणाऱ्यांकडे मी स्वतः जाईन. नातं बघणार नाही, आधीच सांगून ठेवते.

ठकी


१८ एप्रिल

ताई, नमस्कार.

रायफल मिळाली, तपासली. मी कमी लिहितो, सवय नाही.

नळी मूळचीच आहे. आकडा कारखान्याचा आहे, काळा रंग आकड्याच्या आतही जसाच्या तसा बसलेला आहे. मागाहून ठोकला असता तर तिथे धातू चकाकला असता. बदलाबदली, कापाकापी काही नाही. तुमच्या भावाने तिला कापड आणि ब्रश यापलीकडे काही लावलेलं नाही.

खड्डे तोंडाजवळच, एका कडीत, बाकी नळी निर्मळ. काडतुसांच्या मिठाने असं होत नाही, ते सगळ्या लांबीला खातं आणि मागच्या बाजूला जास्त. अशी कडी एकाच कारणाने पडते. तोंडात बोळा कोंबून ठेवल्याने. तेल काही महिन्यांत उतरून जातं, सुती कापड राहतं, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि बाहेर जाऊ देत नाही. बोळा जेवढा घट्ट तेवढा गंज खोल. नव्या शिपायांच्या हातून हे व्हायचं, त्यांना आठवडाभर पहाऱ्याची शिक्षा असायची. कापड नळीतून आरपार काढायचं असतं, आत ठेवायचं नसतं. खड्ड्यांत अडकलेले पांढरे दोरे मी चिमट्याने काढले, त्यावर निळी बारीक रेघ आहे. सोबत पाठवतो.

मास्तरांच्या काळातला गंज नाही. मास्तरांशी माझं पटत नव्हतं, पण नळी त्यांच्याइतकी कोणी राखली नाही.

आणखी एक. रायफल तुमचा भाऊ स्वतः घेऊन आला होता. दोरे त्यानेही पाहिले होते, मार्चच्या सुरुवातीलाच. कारण लिहू नका, बाईंना सहन होणार नाही, त्यांनी ती फार जपली आहे, अशी मला गळ घालत बसला. दोनदा चहा झाला तरी उठेना. मी म्हटलं, बाईंनी तपासणी मागितली आहे, सांत्वन नाही.

आपला,
जमादार (निवृत्त)


२६ एप्रिल

दादा,

दोरे आले. निळ्या रेघेचा सदरा बाबांचाच.

तीन दिवस मी कामावर गेले नाही. अंथरुणात पडून हिशेब लावत होते की मी नेमकं काय बघितलं होतं. दर रविवारी बाबा खिडकीशी बसायचे, गजाला कापड लावायचे, नळीत घालायचे, आणि मला चहा आणायला पिटाळायचे. मी कप घेऊन परत येईपर्यंत रायफल पिशवीत गेलेली असायची. कापड आत जाताना मी शंभरदा पाहिलं. बाहेर येताना एकदाही नाही. मी विचारलंही नाही, कारण मास्तरांच्या मुलीला हे माहीत नाही असं कसं म्हणायचं?

तुझ्यावर चोरीचा आळ घेतला. परवान्याची धमकी दिली. ते सगळं परत घेते. तुझ्या पाया पडायची माझी तयारी आहे, आणि हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

पण दादा, माझा रागही आहे आणि तो कमी झालेला नाही. मला वाचवायला तुला कोणी सांगितलं होतं? माझी चूक तू उचललीस आणि गेलेल्या माणसाच्या माथी मारलीस, कारण तो उठून भांडणार नव्हता. माझं मन राखलंस आणि त्यांचं नाव घालवलंस. मला विचारलं असतंस तर मी कुठलं निवडलं असतं, हे तुला खरंच कळलं नाही?

समितीला मी आज पत्र टाकलं आहे. जमादारकाकांचा कागद जोडला आहे. खाली सही माझी.

तुझी
ठकी


५ मे

प्रिय ठकी,

तुझं पत्र काल बैठकीत वाचून झालं. चिटणीसांनी वाचलं. वाचताना मधेच थांबले, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. जो हसला होता तो खाली बघत होता.

खोलीला नाव मामांचंच राहणार, एकमताने. मी खोटा दाखला दिला म्हणून वर्षभर तपासणीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. योग्यच केलं. मी आधी उभं राहून सांगायला हवं होतं, तुझ्या पत्राची वाट बघायला नको होती.

आता तू खरं लिहिलंस तर मलाही एक लिहू दे. तुझा संशय सगळाच चुकीचा नव्हता. तुझं बोळ्याचं पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला तुझी दया आली, हे खरं. पण पाठोपाठ दुसरा विचार आला, की ही रायफल आता कपाटात जाणार नाही, उद्घाटनाला वाजणार नाही, मग कुणाच्या तरी घरी राहील, आणि ते घर माझं का नको? "माझ्याकडेच राहू दे" हे मी तुझ्या काळजीपोटी लिहिलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी हात बसला नव्हता म्हणून मिळाली नाही. आता हात बसलाय, तरी लबाडी करावीशी वाटली. मामांनी तेव्हा नाही म्हटलं ते हातामुळेच होतं की आणखी कशामुळे, असं सध्या मनात येतं.

समितीने विचारलं आहे, रायफलचं काय करायचं. चार-पाच बोटं कापली तर लेकीला त्यातून गोळ्या झाडता येतील, गोळी सरळ जाईल, पण ती मग मामांची रायफल राहणार नाही असं मला वाटतं. तू सांगशील तसं. माझं मत यावेळी देत नाही.

कपाटावर लावायची पाटीही चिटणीसांनी लिहिली आहे. सगळ्यांना तुझं वाईट वाटतंय, म्हणून त्यांनी शब्द जपून वापरलेत. तू छापखान्यातली, म्हणून शुद्धलेखन बघायला मुद्रित सोबत पाठवतो. काना-मात्रा बघ आणि परत कर.

तुझा
दादा


१२ मे

प्रिय दादा,

कापू नका. घासू नका. नवी नळीही घालू नका. आहे तशी ठेवा, फक्त कपाटाच्या मागच्या बाजूला एक छोटा दिवा बसवा आणि नळीच्या तोंडासमोर भिंग, म्हणजे ज्याला बघायचं त्याला आतली कडी दिसेल. लेक मंडळाच्या रायफलने पाच गोळ्या झाडेल, तिची काही तक्रार नाही.

तू जे शेवटी लिहिलंस ते मी दोनदा वाचलं आणि पत्र कपाटात ठेवलं. ह्यांना दाखवलं नाही. उद्घाटनाला मी दोन दिवस आधी येणार आहे आणि तुझ्याकडेच उतरणार आहे. जेवताना त्यावर बोलू. ताट सोडून उठायचं नाही, तू नाही आणि मीही नाही.

पाटीचं मुद्रित परत पाठवते. काना-मात्रा ठीक आहेत. चिटणीसांनी लिहिलं होतं: "मास्तरांची रायफल. काळाच्या ओघात नळीचं थोडं नुकसान झालं आहे." माणूस भला आहे, पण दुसरं वाक्य चूक होतं. ते खोडून समासात असं लिहिलं आहे, अक्षर लावणाऱ्याला नीट वाचता यावं म्हणून ठळक:

"मास्तरांनी ही नळी अखेरपर्यंत स्वच्छ राखली. तोंडाजवळचे खड्डे त्यांच्यानंतरचे आहेत. मुलीने तेलाचा बोळा पाच वर्षं नळीत ठेवला, कारण तिला माहीत नव्हतं आणि तिने कोणाला विचारलं नाही."

याच्यात एका शब्दाचाही फेरफार करू नका, असं चिटणीसांना माझ्या वतीने सांग.

तुझी
ठकी